फेरफाराची नोंद आणि डेटाबेसचे स्थलांतर

इंदापूर तालुक्यातील कळस गावी जमिनीचा हक्क बदलला, म्हणजे त्याची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत, अर्थात गाव नमुना सहामध्ये होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 अन्वये ती नोंद चावडीवर प्रसिद्ध होते, हितसंबंधितांना नोटीस जाते व हरकतीस मुदत मिळते. प्रमाणीकरण झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. जुने नावही नाहीसे होत नाही. त्यास कंस करून फेरफाराचा क्रमांक लिहिला जातो.

संस्था स्वतःच्या सर्व्हरवर जी वेब-सॉफ्टवेअर चालवितात, त्यांच्या नव्या आवृत्तीबरोबर डेटाबेसची रचनाही पुष्कळदा बदलते. या बदलास स्थलांतर म्हणतात. जँगोसारख्या चौकटीत प्रत्येक बदलास क्रमांक असतो आणि कोणते बदल अमलात आले याची नोंद स्वतंत्र तक्त्यात राहते. वरवर पाहता ही फेरफार नोंदवहीच होय. तथापि साम्य येथेच संपते. अनेक सॉफ्टवेअरांत नवी आवृत्ती सुरू होताच स्थलांतर आपोआप चालते. हरकतीस मुदत नाही, प्रमाणीकरण नाही, आणि वगळलेल्या स्तंभास कंसही नाही.

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की स्थलांतर उलट फिरविता येते. हे अर्धसत्य आहे. वगळलेला स्तंभ उलट क्रियेने पुन्हा निर्माण होतो, पण त्यातील मजकूर परत येत नाही. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रचनेतील बहुतेक बदल एकाच व्यवहारात बांधून अपयश आल्यास रद्द करता येतात. मायएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक बदल तत्काळ कायम होतो. त्यामुळे मध्येच थांबलेले स्थलांतर डेटाबेसला धड जुना ना धड नवा अशा अवस्थेत सोडते.

दुसरे उत्तर बॅकअपचे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसमधील सुमारे 300 जीबी सामग्री चुकून पुसली गेली. तेव्हा असे आढळले, की डेटाबेस 9.6 आवृत्तीचा असताना बॅकअपचे साधन 9.2 आवृत्तीचे चालत होते. नित्याचा बॅकअप त्यामुळे होतच नव्हता आणि कोणास त्याचा पत्ता नव्हता. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कारणासाठी घेतलेली प्रत हाती होती, म्हणून बाकीचे वाचले. परत उतरवून न पाहिलेला बॅकअप ही केवळ समजूत होय, हाच याचा अर्थ.

फेरफाराची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. फेरफारात नोंद बदलते. स्थलांतरात नोंदवहीचा साचा बदलतो. त्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचे आहे. तेथे हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून पाहावे लागले, 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले, आणि चुका दुरुस्त करण्यासाठी कलम 155 चा आधार घ्यावा लागला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्यानंतर, 1 मे 2018 पासून मिळू लागला. ओळींची संख्या जुळली, म्हणून क्षेत्र व नावे जुळली असे होत नाही. ते ज्याची जमीन आहे तोच सांगू शकतो.

यातून निघणारी पद्धत साधी आहे. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवावा, नवी आवृत्ती प्रथम तेथे चालवावी, आणि नित्य काम करणाऱ्याने परिचित नोंदी उघडून पाहाव्यात. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनी नवा स्तंभ आधी जोडावा, मजकूर त्यात न्यावा, व जुना स्तंभ पुढील एखाद्या आवृत्तीतच काढावा. यात दोन्ही स्तंभ काही काळ सांभाळण्याचा भार पडतो व त्यांच्यात तफावत पडण्याचा धोकाही असतो. परंतु तफावत दिसते व सुधारता येते. नाहीशी झालेली नोंद दिसतही नाही. स्थलांतराची सुरक्षितता वेगात वा स्वयंचलनात नसून, नवे प्रमाणित होईपर्यंत जुने कंसात ठेवण्यात आहे.