नकार, विराम आणि मागणी : विजय तेंडुलकरांच्या सर्जनप्रक्रियेतील चढउतार

प्रास्ताविक

साहित्यनिर्मितीच्या प्रक्रियेविषयी मराठी समीक्षेत विपुल लिहिले गेले आहे. तथापि या चर्चेचा रोख बहुतांशी निर्मितीच्या उत्कर्षबिंदूवर, म्हणजेच प्रतिभेच्या स्फुरणावर राहिला आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा एकत्रित विचार काव्यहेतू म्हणून केला. पाश्चात्त्य विचारात ग्रॅहम वॉलास याने १९२६ मध्ये पूर्वतयारी, परिपोष, स्फुरण आणि पडताळणी अशा चार अवस्था सांगितल्या. या दोन्ही मांडण्या आजही उपयुक्त आहेत. मात्र दोहोंच्या केंद्रस्थानी एकटा निर्माता आहे. लिहिलेले फसते तेव्हा काय होते, पूर्ण झालेले लेखन वर्षानुवर्षे पडून राहते तेव्हा काय होते, आणि दुसऱ्या कोणाच्या मागणीमुळे लेखकाला स्वतःच्या धारणेविरुद्ध लिहावे लागते तेव्हा त्या लेखनाचे स्वरूप कोणते असते, हे प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

नाटककाराच्या बाबतीत हे प्रश्न टाळता येत नाहीत. विजय तेंडुलकर (१९२८-२००८) यांचे लेखन या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरात, अंधेरीलगतच्या विलेपार्ले येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या त्यांच्या सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या नाटकाचे बीज याच उपनगराशी निगडित आहे. सर्जनप्रक्रियेतील चढउतार हे केवळ लेखकाच्या चरित्राचा भाग नसून ते कलाकृतीच्या घाटात उतरतात आणि तेथे वाचता येतात, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

अपयश आणि पुनर्लेखन

तेंडुलकरांच्या नाट्यलेखनाचा प्रारंभ अपयशाने झाला. ‘गृहस्थ’ (१९५५) या नाटकाला प्रेक्षकांचा प्रतिसाद लाभला नाही. त्यानंतर पुन्हा नाटक लिहावयाचे नाही असा निश्चय त्यांनी केला होता. परंतु ‘श्रीमंत’ या नाटकाने तो लवकरच मोडला. पुढे ‘गृहस्थ’चेच पुनर्लेखन होऊन १९६४ मध्ये ‘कावळ्यांची शाळा’ हे नाटक आले. म्हणजे जे नाटक लेखकाला लेखनसंन्यासापर्यंत घेऊन गेले, तेच सुमारे नऊ वर्षांनी त्याला पुन्हा हाताळावेसे वाटले. अपयशी कृती टाकून दिली जात नाही, ती लेखकाच्या मनात काम करीत राहते, याचे हे बोलके उदाहरण होय.

‘श्रीमंत’ची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अविवाहित गर्भवती मुलगी आणि तिच्यासाठी पैशाच्या बळावर नवरा मिळवू पाहणारा धनवान पिता हे त्या नाटकाचे आशयद्रव्य. सुमारे बारा वर्षांनी लीला बेणारेच्या रूपाने अविवाहित मातृत्वाचा प्रश्न तेंडुलकरांच्या नाटकात पुन्हा अवतरला. दोन्ही नाटकांत स्त्रीला मूल हवे आहे आणि भोवतालच्या समाजाला केवळ अब्रूची चिंता आहे. फरक इतकाच की, पहिल्या नाटकात हा संघर्ष घराच्या चौकटीत घडतो, तर दुसऱ्यात त्याला न्यायालयाची चौकट मिळते. ही चौकट सापडेपर्यंतचा काळ वॉलासच्या परिभाषेत परिपोषाचा म्हणता येईल. परंतु तो शांतपणे वाट पाहण्याचा काळ नव्हता. वृत्तपत्रीय नोकरी, एकांकिका आणि इतर नाटके यांनी भरलेला तो काळ होता.

दुसऱ्या प्रकारचा विराम ‘गिधाडे’ या नाटकाच्या वाट्याला आला. १९६१ मध्ये लिहिलेले हे नाटक रंगभूमीवर येण्यास १९७० उजाडले. येथे लेखन थांबलेले नव्हते, थांबला होता तो प्रयोग. नाटककाराच्या दृष्टीने हा विराम अधिक जाचक असतो, कारण प्रयोगाविना त्याची पडताळणीच होत नाही.

पार्ल्याच्या वाटेवरील खटला

‘शांतता!’च्या बीजाविषयी तेंडुलकरांनी स्वतः सांगितलेली हकिकत सर्वश्रुत आहे. ते राहत असलेल्या पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम सादर करण्यास निघालेला एक हौशी गट त्यांना भेटला. त्या मंडळींचे आपापसांतील बोलणे त्यांच्या कानावर पडले आणि त्यातून नाटकाची रूपरेषा आकारू लागली.

हा प्रसंग उपनगरी जीवनाचा नमुनाच आहे. नोकरी सांभाळून सायंकाळी व सुटीच्या दिवशी सांस्कृतिक चळवळ चालविणारा मध्यमवर्ग ही मुंबईच्या उपनगरांची ओळख. पार्ल्यातील लोकमान्य सेवा संघासारखी १९२३ पासून कार्यरत असलेली संस्था त्या परंपरेची साक्ष देते. या वर्गाचा उत्साह, त्याचे समाजहिताविषयीचे बोलणे आणि त्याआड दडलेली वैफल्ये तेंडुलकरांच्या परिचयाची होती. नाटकातील ‘सोनार मोती टेनामेंट (बॉम्बे) प्रोग्रेसिव्ह असोसिएशन’ हे भारदस्त नाव या परिचयातूनच आले असावे.

मात्र पाहिलेल्या प्रसंगाची दिशा नाटकात बदलते. हौशी गट पार्ल्याकडे निघाला होता; नाटकातील गट मुंबई सोडून एका खेड्यात येतो. उपनगरात शेजारी असतात, ओळखी असतात, घरी परतण्याची वाट असते. खेड्यातील त्या रिकाम्या सभागृहात बेणारेला यांपैकी काहीच उपलब्ध नाही. प्रारंभी ज्या कडीत तिचे बोट चेमटते, तेच दार पुढे ती जाऊ पाहते तेव्हा उघडत नाही. ऐकलेल्या संभाषणाचे नाटक झाले ते या स्थलांतरामुळे.

खेळातील खटला खरा होण्याची कल्पना तशी जागतिक साहित्याला नवी नव्हती. फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाने १९५६ च्या सुमारास निवृत्त न्यायाधीश व वकिलांच्या अशाच खेळावर लेखन केले होते, आणि या साम्याची चर्चा समीक्षेत झालेली आहे. परंतु ड्युरेनमाटचे खेळगडी मुळात विधिव्यवसायातील आहेत. तेंडुलकरांच्या कोर्टात केस न मिळणारा वकील सुखात्मे, परीक्षेत नापास झालेला पोंक्षे, आश्रित रोकडे असे लोक आहेत. एरवी कोठेही न मिळणारी सत्ता त्यांना या खेळात मिळते. ज्याच्यावर खरा आरोप यावयास हवा तो विद्वान प्राध्यापक दामले मात्र गैरहजरच राहतो. कल्पना कोठूनही येऊ शकते. तिला लागणारी माणसे लेखकाच्या परिसरातूनच येतात.

बेणारेचे स्वगत : लेखकाची धारणा आणि प्रयोगाची मागणी

हे नाटक ‘रंगायन’साठी लिहिले गेले. राज्य नाट्यस्पर्धेची मुदत समोर होती. १९६७ मधील त्या प्रयोगाचे दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांनी केले आणि बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी साकारली. अखेरचे दीर्घ स्वगत मुळात लेखकाच्या योजनेत नव्हते. बेणारे या कोर्टापुढे काहीही बोलणार नाही, अशी तेंडुलकरांची धारणा होती. दिग्दर्शकाने मात्र तिला बोलते करण्याचा आग्रह धरला आणि तालमींच्या काळात ते स्वगत लिहिले गेले, असे रंगकर्मींच्या कथनातून दिसते.

या हकिकतीचा उपयोग सहसा एक रंजक आठवण म्हणून केला जातो. समीक्षेच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. लेखकाने मागणी मान्य केली, म्हणजे त्याने आपली धारणा सोडली काय? याचे उत्तर संहितेतच मिळते. आरोपीला निवेदनासाठी अवधी दिला जातो तेव्हा बेणारे निश्चल, अबोल असते. मग इतर सर्व पात्रे जागच्या जागी गोठतात आणि तिचे स्वगत सुरू होते. ते संपताच न्यायाधीश काशीकर वेळ संपल्याचे आणि आरोपीला काही सांगावयाचे नसल्याचे जाहीर करतो. म्हणजे त्या कोर्टाच्या लेखी बेणारे एक अक्षरही बोललेली नाही. तेंडुलकरांची मूळ धारणा अबाधित आहे आणि प्रेक्षकाला तिचे अंतःकरणही कळले आहे.

काही अभ्यासकांना हे स्वगत भावविवश वाटते. नाटकाच्या वास्तववादी पोताशी ते विसंगत आहे, असाही आक्षेप घेतला जातो. पोत बदलतो हे खरे आहे. परंतु तो बदल हाच दोन मागण्यांमधील ताणाचा दृश्य सांधा होय. स्वगत संवादाच्या ओघात घातले असते तर बेणारेने कोर्टाचा अधिकार मान्य केला असे झाले असते. ते मुळीच नसते तर भ्रूणहत्येचा आरोप ठेवून अखेरीस गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावणाऱ्या त्या न्यायातील क्रौर्य प्रेक्षकाला इतके भिडले नसते. गोठलेल्या काळाची युक्ती ही दिग्दर्शकाच्या आग्रहाला लेखकाने दिलेला होकार आणि नकार, दोन्ही आहे.

आतील मागणी आणि बाहेरील मागणी

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. लेखकाकडे केलेली प्रत्येक मागणी निर्मितीला पोषक असतेच असे नाही. ‘गिधाडे’च्या प्रयोगात साडीवरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षकांनी हरकत घेतली, तेव्हा तो डाग निळा दाखवून प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे निवेदन करण्यात आले. ‘सखाराम बाइंडर’ला (१९७२) तर न्यायालयीन लढा द्यावा लागला. ‘शांतता!’च्या बाबतीत दिग्दर्शकाने नाटक अधिक पूर्ण व्हावे म्हणून मागणी केली; परिनिरीक्षकांनी ते उणे व्हावे म्हणून केली. पहिल्या मागणीतून नवा घाट निर्माण झाला, दुसरीतून उपहास आणि खटला. दोहोंना ‘बाह्य दडपण’ या एकाच सदरात टाकणे योग्य ठरणार नाही.

पुढील काळातील चढउतारही या संदर्भात पाहावे लागतात. १९७० च्या दशकातील सलग नाट्यलेखन व पटकथालेखनानंतर त्यांचे नाट्यलेखन विरळ होत गेले. उतारवयात तेंडुलकर ‘कादंबरी : एक’ (१९९६) आणि ‘कादंबरी : दोन’ (२००५) अशा वेगळ्या रूपबंधाकडे वळले, तर २००४ मध्ये त्यांनी ‘हिज फिफ्थ वुमन’ हे नाटक इंग्रजीतून लिहिले. या नाटकात सखारामच्या विश्वाकडे ते पुन्हा परतले. साठीच्या दशकात ‘गृहस्थ’कडे परतण्याची जी वृत्ती दिसली, तीच सुमारे चार दशकांनी पुन्हा दिसते. या लेखकाचा विराम नव्या विषयाच्या शोधापेक्षा जुन्या विषयाच्या अपुरेपणाची जाणीव अधिक दर्शवितो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, सर्जनप्रक्रियेतील अपयश हा प्रक्रियेचा शेवट नसून पुष्कळदा तिचा कच्चा माल असतो. दोन, स्फुरण परिसरातून मिळाले तरी त्याला घाट देताना लेखकाला त्या परिसरापासून दूर जावे लागते. तीन, सहकाऱ्यांची मागणी लेखकाच्या स्वातंत्र्याला बाधक ठरतेच असे नाही. तिला शरण न जाता आणि तिला न धुडकावता उत्तर शोधणे हीदेखील प्रतिभाच होय.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ अनेक महाविद्यालयांतून अभ्यासले गेले आहे. वर्गात छापील संहिता हाती येते ती निर्णय लागलेल्या खटल्यासारखी. तिच्यामागील दुरुस्त्या, हट्ट, मुदती आणि माघारी पुसल्या गेलेल्या असतात. ‘स्वगतातून लेखकाने काय साधले?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमीच विचारला जातो. ‘लेखकाला ते लिहावयाचे नव्हते, मग त्याने ते कोठे आणि कसे ठेवले?’ असे विचारले, तर विद्यार्थी संहितेतील त्या गोठलेल्या क्षणाकडे पुन्हा पाहू लागेल. स्वतःचे लेखन फसल्यामुळे वही मिटून ठेवलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला आपला उतार हा निर्मितीचाच भाग आहे, हेही त्यातून उमगू शकेल.