उघड्या दगडाचं वेड

पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठलाच्या गाभाऱ्यातली ग्रॅनाइटची फरशी आणि चांदी उतरवली गेली, आतला काळा पाषाण मोकळा झाला, आणि ती छायाचित्रं महाराष्ट्रभर घरोघरी पोचली. काम चांगलं होतं. पण त्या छायाचित्रांनी जे वेड लावलं आहे, त्याबद्दल गप्प बसणं मला शक्य नाही. ज्या विश्वस्त मंडळांनी एकेकाळी हौसेने खांबांना तैलरंग फासला, तीच आता ‘मूळ रूप’ हवं म्हणून वाळूचा मारा करणारी यंत्रं बोलावताहेत. रंग निघतो. रंगासोबत खालचा चुन्याचा गिलावा निघतो, गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी निघते, नक्षीच्या कडा बोथट होतात. खाली उरतो ओकाबोका दगड, आणि जिथे दगड नव्हताच तिथे उघडी पडलेली वीट. मग फलक लागतो: प्राचीन हेमाडपंती मंदिर.

तैलरंग लावणारा आणि गिलावा खरवडणारा, दोघांचा हट्ट एकच असतो. इमारत आजच्या डोळ्याला आवडेल अशी दिसली पाहिजे. ती कशी उभी आहे, तिच्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

वाशिम जिल्ह्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतो. एक तर या जिल्ह्याला जुन्या इमारतींच्या चर्चेत कुणी धरत नाही. दुसरं, अजिंठ्याच्या गौरवात डोलणाऱ्यांना आठवण करून द्यायला हवी की तिथल्या उत्तरकाळातल्या लेण्यांचे आश्रयदाते वाकाटकांच्या ज्या शाखेचे, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम. सोळाव्या लेण्यातला शिलालेख हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्याचा. १९३९ साली वाशिमला सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने या शाखेचा इतिहास उजेडात आणला आणि वा. वि. मिराशींनी तो उलगडला. त्याच अजिंठ्यात १९२० नंतर निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. निसटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरून ठेवला, हे त्यांचं मोठं काम. पण चित्रं उठून दिसावीत म्हणून वर चढलेलं लाखेचं रोगण काळाबरोबर पिवळं-तपकिरी पडत गेलं, आणि ते अलगद उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षामागून वर्षं गेली. हेतू चांगला, माणसं जाणकार, तरीही हा परिणाम. मग यंत्र भाड्याने आणून दोन दिवसांत देऊळ ‘स्वच्छ’ करून देणाऱ्याकडून आपण कसली अपेक्षा करतो?

वाशिम जिल्ह्यात जे उभं आहे ते ढोबळमानाने दोन प्रकारचं आहे, आणि दोघांची प्रकृती वेगळी आहे. पहिला प्रकार यादवकालीन दगडी बांधणीचा. शिरपूरचं पवळीचं जुनं जैन मंदिर घ्या, किंवा शेजारच्या बुलढाण्यातलं लोणारचं दैत्यसूदन. इथे घडीव दगडावर घडीव दगड बसवलेला, भार आणि खोबणी यांच्या जोरावर टिकलेला. सांध्यात चुना जवळजवळ नाहीच. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात दगड दिवसा तापतो, रात्री निवतो, किंचित हलतो. सांधा त्या हालचालीला जागा देतो आणि आत शिरलेलं पावसाचं पाणीही बाहेर सोडतो. त्या सांध्यात सिमेंट भरलं की जागा संपली. पाणी आत कोंडतं, आणि दगडाची कड सांध्यालगत पिचते. ‘फटी दिसत होत्या म्हणून बुजवल्या’ हे वाक्य देवळांच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं, आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

त्याहून वाईट प्रकार जमिनीलगत चालतो. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. देवळाभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक अंथरले की पावसाचं पाणी मोकळ्या आवारात मुरायचं थांबतं आणि ओल पायाकडे सरकते. भिंत ती वर ओढते. पाच-सहा वर्षांत जोत्याच्या वर हातभर पांढरा लोणा फुटलेला दिसतो. मग लोणा झाकायला फरशी. फरशीमागे ओल आणखी वर चढते. दर नव्या थराबरोबर आवार वर येत जातं आणि जोत्याचे कोरीव थर जमिनीत गाडले जातात.

दुसरा प्रकार मराठा काळातला: दगडाचं जोतं, वर वीट आणि चुना. माझा सगळा जीव या प्रकारात आहे, कारण सध्याच्या वेडाचा पहिला घाव त्याच्यावर बसतो. वाशिमचं बालाजी मंदिर भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलं. आजचं वाशिम ज्या देवळाभोवती वाढलं ते हे. पण अभ्यासकांच्या लेखी हा काळ पडता. यादवांचं ते अस्सल, भोसल्यांच्या काळातलं ते ठिगळ, अशी वर्णव्यवस्था आपण इमारतींत तयार केली आहे. परिणाम असा की यादवकालीन मंडपावर अठराव्या शतकात कुणी विटांचं शिखर चढवलं असेल, तर आजचा उत्साही जीर्णोद्धारक त्या शिखराकडे अडचण म्हणून बघतो. अडीचशे वर्षं त्या शिखराने गाभाऱ्यावर पाऊस पडू दिला नाही, याची नोंद कुठेच होत नाही.

चुन्याबद्दल इथे जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपण त्याला गरिबाचं सिमेंट समजतो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवायचा, झाकून मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ. मग बैलाच्या घाण्यात वाळू आणि विटांची सुरखी घालून मळायचा. त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा. गिलाव्यासाठी तागाचे तंतू. या भागात काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे सापडतात. त्यांत मातीचा अंश असतो, म्हणून त्यांचा चुना ओलाव्यातही धरतो. असा गिलावा भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेत पुन्हा चुनखडी बनत जातो. बारीक चीर पडली तर पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवून त्याच चिरेत पुन्हा बसवतं. भिंतीतली ओल त्यातून बाहेर उडून जाते. झीज होते ती गिलाव्याची, विटेची नाही. काही वर्षांनी गिलावा पुन्हा करायचा, वीट तशीच राहते. सिमेंटच्या गिलाव्यामागे उलटं घडतं: गिलावा टणक राहतो आणि मागे विटेचा भुगा होतो. ज्या दिवशी सिमेंटचा पोपडा निघून पडतो त्या दिवशी त्याच्यासोबत भिंतीचा दर्शनी भागही पडतो. चुन्याचा गिलावा खरवडून ‘मूळ रूप’ दाखवणं म्हणजे रोग्याच्या अंगावरचं कांबळं ओढून घेऊन त्याची प्रकृती सुधारली असं सांगणं.

याच जिल्ह्यातल्या कारंज्यात कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा सांगतात. कस्तुरी विकायला आलेल्या व्यापाऱ्याला गावात गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा एका सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि चालू बांधकामाच्या चुन्यात कालवायला लावली. दंतकथाच ती. पण श्रीमंती दाखवायला या गावाने सोन्याचा कळस निवडला नाही, भिंतीतला चुना निवडला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच कारंज्याला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या नावांच्या वेशी आहेत, काष्ठासंघाच्या मंदिरात लाकडाचं देखणं कोरीवकाम आहे, भट्टारकांच्या गाद्यांनी सांभाळलेले हस्तलिखितांची भांडारं आहेत. त्यांतली अपभ्रंश काव्यं हिरालाल जैनांनी जगापुढे आणली. पोथ्यांना अभ्यासक मिळाले. लाकडाला आणि चुन्याला कोण मिळालं?

या क्षेत्रातलं बाकीचं हल्लीचं काम मी थोडक्यात उरकतो. मुंबईतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापासून रॉयल ऑपेरा हाउसपर्यंतच्या कामांचं कौतुक भरपूर झालं आहे आणि ते योग्यच आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांचा आनंद आहे. त्यांत विदर्भातला एकही नाही. त्रिमितीय स्कॅनिंग उपयुक्त आहे, पण त्याने गळती थांबत नाही. ध्वनिप्रकाश खेळांना मी संवर्धन मानत नाही. वाड्यांची हॉटेलं होतात ती पर्यटनाची बाब, ती त्या खात्याने बघावी.

खरा प्रश्न माणसांचा आहे. पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयातून, दिल्लीहून, अहमदाबादहून वास्तुसंवर्धनाची पदव्युत्तर पदवी घेऊन मुलंमुली बाहेर पडतात. त्यांतलं कुणी वाशिमला, रिसोडला, मानोऱ्याला का येत नाही? ध्येय कमी पडतं म्हणून नव्हे. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आली, त्यामुळे मालकाला तज्ज्ञ शोधणं भाग पडलं आणि त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. वाशिममध्ये तज्ज्ञाला विचारायला भाग पाडणारं काहीच नाही. पुरातत्त्व खात्याच्या यादीत असलेल्या वास्तूला १९५८ चा किंवा राज्याचा १९६० चा कायदा आहे. यादीबाहेरची वेस, बारव, वाडा, मठ, दर्गा यांना कुणी वाली नाही. देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं, दरवर्षी हिशेब दिले जातात, पण त्या पैशांतून भिंतीला काय फासलं हे कुणी विचारत नाही.

आणि जिथे सरकारी पैसा येतो तिथे निविदा येते. सगळ्यात कमी दर भरणारा ठेकेदार, मार्चअखेर संपवायचं काम. चुना मुरायला लागणारे आठवडे कुठल्या रकान्यात लिहायचे? गिलाव्यावर रोज पाणी मारत बसणाऱ्या बाईची मजुरी कशात धरायची? म्हणून अंदाजपत्रक सिमेंटच्या पोत्यांत होतं, आणि जुन्या पद्धतीने काम करणारा गवंडी निविदेच्या दारातूनच परत जातो. आपल्या पुरातत्त्व खात्याची कार्यपद्धती आजही बरीचशी जॉन मार्शलच्या १९२३ च्या नियमपुस्तकावर उभी आहे. जे आहे ते राखा, कल्पनेने नवं घडवू नका, ही त्याची शिकवण मला मान्य आहे. पण त्या विचारात कारागीर फक्त हुकूम पाळणारा मजूर आहे. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेने कारागिराच्या ज्ञानालाच वारसा म्हटलं, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पाथरवट, वडार, बेलदार, सुतार यांच्या घरातली आजची पोरं टाइल्स बसवतात, कारण टाइल्सला रोज काम आहे. त्यांना दोष देणाऱ्याने आधी त्यांना चुन्याचं रोजचं काम द्यावं.

पैसा नाही, हे मला कुणी सांगू नये. याच जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाजाच्या वारशाचं भव्य संग्रहालय उभं राहिलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. समाज मागे उभा राहिला आणि शासनाने मनावर घेतलं, तर मानोरा तालुक्यातही निधी पोचतो. देवस्थानांकडेही पैसा आहे. तो चांदीच्या दरवाज्याकडे आणि काँक्रीटच्या सभामंडपाकडे जातो.

लोकांना देखभालीत रस नसतो, त्यांना चकचकीत हवं असतं, असंही सांगितलं जातं. शिरपूरला जाऊन हे बोलून दाखवावं. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती परंपरेने वालुका आणि गोमयाची मानतात. तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. तो लेप कुणी द्यायचा, कसा द्यायचा, यावरून श्वेतांबर आणि दिगंबर पंथीय १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात गेले. वाद नागपूरला गेला, १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला, स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, १९८१ पासून दाराला कुलूप लागलं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं. कोण बरोबर, हे ठरवणं माझं काम नाही. मला त्यात एवढंच दिसतं की लेप देण्याचा हक्क म्हणजे आपलेपणाचा हक्क, हे दोन्ही बाजूंनी शतकभर मानलं. दुरुस्तीसाठी इतकं झुंजणारी माणसं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे लोकांना देखभाल कळत नाही असं म्हणवतं कसं? कुणी करायचं यावर इतकी वर्षं वकील लावले गेले. आता कशाने करायचं, यावर निदान एक गवंडी आणि एक वास्तुतज्ज्ञ शेजारी बसवा.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी जिल्ह्याच्या प्रशासनाकडे आणि धर्मादाय कार्यालयाकडे करतो आहे. शंभर वर्षांहून जुन्या कुठल्याही वास्तूवर वाळूचा मारा तत्काळ बंद करावा. दुरुस्तीच्या हिशेबासोबत कोणतं साहित्य, कुणाच्या हातून, कुठल्या भिंतीवर वापरलं याची नोंद सक्तीची करावी. वाशिमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चुन्याचं काम शिकवावं, आणि शिकवायला जुन्या गवंड्यांनाच मानधन देऊन बसवावं. जिल्ह्याला एक वास्तुसंवर्धक पगारावर नेमावा: पावसाळ्याआधी सहाही तालुक्यांत फिरून शिखरावरचा पिंपळ उपटणारा, पन्हाळी मोकळ्या करणारा, गळती लिहून ठेवणारा. त्याच्या वर्षभराच्या पगाराची तुलना एका सभामंडपाच्या खर्चाशी करावी आणि मग सांगावं की परवडत नाही.