सदाकोचा वर्ग

शोकातून काव्य जन्माला येते, ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे. व्याधाच्या बाणाने क्रौंच पडला आणि वाल्मीकींच्या मुखातून श्लोक निघाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु मराठीतील विलापिका वाचू लागलो म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मुलाच्या मृत्यूवरच्या आपल्या कविता बहुतेक घरातल्या आहेत. रेव्हरंड टिळकांच्या ‘बापाचे अश्रू’मध्ये बाप शोक करतो, गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मध्ये आई. मूल गेले की दुःख आईबापांचे, हे आपण जणू गृहीतच धरतो. पण ते मूल शाळेत जाणारे असेल, तर वर्गातल्या बाकावरही एक जागा रिकामी होते. त्या जागेच्या शेजारी बसणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना काय वाटते, आणि त्या वाटण्याचे त्यांनी करावे तरी काय, या प्रश्नाला आपल्या वाङ्मयात फारसे स्थान मिळालेले नाही.

म्हणूनच जपानमधल्या एका मुलीची कथा मला विचार करण्याजोगी वाटते. सदाको सासाकी हे नाव आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना ठाऊक आहे. ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन पाळणाऱ्या शाळांतून मुले रंगीत कागदाचे क्रौंच करतात, तेव्हा बाई त्यांना तिचीच गोष्ट सांगतात. ती जगभर पोचवली एलिनॉर कोअर या लेखिकेच्या ‘सदाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स’ या १९७७ सालच्या छोटेखानी इंग्रजी पुस्तकाने. त्यातली हकिकत थोडक्यात अशी : सदाको धावण्यात पटाईत. हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग होतो. इस्पितळात एक मैत्रीण तिला सांगते, की आजारी माणसाने हजार कागदी क्रौंच केले तर देव त्याला बरे करतात. सदाको घड्या घालू लागते. ६४४ क्रौंच होतात आणि तिचे हात थांबतात. उरलेले ३५६ वर्गातली मुले पुरे करतात, आणि हजार क्रौंच तिच्याबरोबर मातीआड होतात.

या पुस्तकाचे यश नाकारण्यात अर्थ नाही. कोअर यांची भाषा साधी आहे, गोष्ट लहान आहे, आणि मृत्यूचे वर्णन करताना त्यांनी आक्रस्ताळेपणा केलेला नाही. विशेष म्हणजे आकड्याचा उपयोग त्यांनी मोठ्या कौशल्याने केला आहे. लहान वाचक क्रौंच मोजत जातो. आकडा वाढतो तसतशी त्याची आशाही वाढते. आणि ६४४ वर मोजणी थांबली, की मृत्यू म्हणजे काय हे त्याला न सांगता कळते. त्यानंतर ३५६ चा उल्लेख येतो, आणि डोळे पुसायला जागा मिळते. दुसरा एखादा लेखक जे चार पानांत साधू शकला नसता, ते येथे दोन आकड्यांनी साधले आहे.

पण हे दोन्ही आकडे घडलेल्या हकिकतीत नाहीत. हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयाने दिलेली माहिती आणि सदाकोचे थोरले बंधू मासाहिरो सासाकी यांनी सांगितलेल्या आठवणी पाहिल्या, म्हणजे चित्र निराळे दिसते. सदाकोचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा. वडिलांचे केस कापण्याचे दुकान होते. बाँब पडला तेथून त्यांचे घर दीड-पावणेदोन किलोमीटरांवर होते, आणि त्या दिवशी तरी तिला वरवर पाहता काहीच इजा झाली नव्हती. १९५४ च्या अखेरीस तिच्या मानेवर गाठी दिसू लागल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिला रेडक्रॉस इस्पितळात ठेवले. ऑगस्ट महिन्यात नागोया शहरातून तिथल्या रुग्णांसाठी कागदी क्रौंच भेट म्हणून आले, आणि तेव्हापासून तिने घड्या घालायला घेतल्या. औषधाच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टने, मिळेल तो कागद ती वापरी. ऑगस्ट संपण्यापूर्वीच तिचे हजार क्रौंच पुरे झाले होते. ती थांबली नाही. पुढचे क्रौंच तिने अधिकाधिक लहान केले, इतके की घडी बसवण्यासाठी सुई वापरावी लागे. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली. तिचे वय बारा वर्षांचे होते.

कुणी म्हणेल, आकडा ६४४ असो की हजाराच्या वर असो, गोष्टीच्या तात्पर्यात काय फरक पडतो? मला वाटते, मोठाच फरक पडतो. आपल्या घरोघरी श्रावणात कहाण्या वाचल्या जातात. व्रत पुरे झाले तर फळ मिळते आणि अपुरे राहिले तर विघ्न येते, ही त्यांची रीत आपल्या परिचयाची आहे. कोअर यांच्या पुस्तकाची रचना नकळत तशीच झाली आहे. सदाकोचे व्रत अपुरे राहिले आणि ती गेली. लहान वाचकाच्या मनात तळाशी कोठे तरी हा विचार उरतोच, की अजून थोडे दिवस मिळते तर हजार पुरे झाले असते आणि ती वाचली असती. प्रत्यक्षात व्रत पुरे झाले होते. हजार झाले, देवाने ऐकले नाही, आणि त्या मुलीने दुसऱ्या हजाराला हात घातला. ही हकिकत अधिक कठोर आहे, पण सदाको हिच्यातच मोठी दिसते. अणुबाँबचा किरणोत्सर्ग कागदाच्या घड्यांना जुमानत नाही, हे सत्यही हिच्यातच आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तकात आलेली नाही. सदाकोने आपल्या रक्ताच्या तपासणीचे आकडे एका कागदावर गुपचूप टिपून ठेवले होते. तो कागद घरच्यांना ती गेल्यानंतर सापडला. आपल्याला काय झाले आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते, पण ती समजून घेऊ पाहत होती. क्रौंच करणारी मुलगी आणि रक्तपेशींचे आकडे उतरवून घेणारी मुलगी एकच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती केवळ एक गोड, निरागस मूर्ती राहत नाही. विचार करणारी, घाबरलेली, जगू इच्छिणारी मुलगी होते. तिच्या वर्गाने जिच्यावर माया केली ती ही मुलगी होती.

आता त्या वर्गाकडे वळू. पुस्तकातल्या वर्गाला एकच काम आहे : ३५६ क्रौंच करणे. खऱ्या वर्गाची हकिकत याहून कितीतरी भरीव आहे. नोबोरी-चो प्राथमिक शाळेतला सहावीचा हा वर्ग. ‘बांबू’ हे त्याचे नाव. आधी शर्यतीत मागे पडलेल्या या वर्गाने रोज सराव करून १९५४ च्या शरद ऋतूतल्या क्रीडामहोत्सवात रिलेची शर्यत जिंकली, आणि धावणाऱ्यांत सदाको होती. प्राथमिक शाळा संपताना मुलांनी आपले एक एकजूट मंडळ काढले. आळीपाळीने इस्पितळात जायचे, सदाकोला एकटे वाटू द्यायचे नाही, असे ठरले. पुढे माध्यमिक शाळा सुरू झाली, नवा अभ्यास आला, नवे सोबती मिळाले, आणि इस्पितळातल्या फेऱ्या कमी होत गेल्या. मोठेपणी त्यांच्यातल्या काहींनी हे स्वतःच सांगितले आहे. शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नाही, ही टोचणी त्यांना सदाको गेल्यावर लागली.

सदाकोने केलेले काही क्रौंच तिच्या आईवडिलांनी या मुलांना वाटले, काही शवपेटीत ठेवले. म्हणजे पुस्तकात वर्ग सदाकोला क्रौंच देतो आणि ऋणमुक्त होतो. प्रत्यक्षात सदाकोचे क्रौंच वर्गाकडे आले आणि ऋण वाढले. माझ्या मते सगळा भेद येथे आहे. ३५६ क्रौंच एका संध्याकाळी होतात. मुले आपापल्या घरी जातात, आणि हिशेब मिटतो. पण मैत्रिणीच्या हातची घडी आपल्या तळहातावर असली, तर हिशेब इतक्या सहज मिटत नाही.

तो त्यांनी कसा चुकता करायचा प्रयत्न केला, हे वाचण्यासारखे आहे. हिरोशिमातल्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात सदाकोच्या मृत्यूची बातमी वाचली आणि स्मारकाची कल्पना या मुलांपुढे ठेवली. नोव्हेंबर १९५५ मध्ये देशभरातले माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक परिषदेसाठी हिरोशिमात जमले होते. मुलांनी दोन हजार पत्रके छापली आणि त्यांना वाटली. मागणी होती, सदाकोसाठी आणि अणुबाँबमुळे गेलेल्या सगळ्याच मुलांसाठी मूर्ती उभारण्याची. जपानमधल्या ३१०० हून अधिक शाळांनी आणि इतर नऊ देशांनी मदत पाठवली. ५ मे १९५८ रोजी, जपानच्या बालदिनी, शिल्पकार काझुओ किकुची यांनी घडवलेल्या नऊ मीटर उंचीच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यातली घंटा नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांनी दिली. आज तेथे दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी क्रौंच येऊन पडतात. त्यांचे वजन दहा टनांच्या आसपास भरते.

या स्मारकाला सदाकोचे नाव नाही. ते अणुबाँबने मारलेल्या सर्व मुलांचे आहे. आपल्या एकीच्या आठवणीतून मुले अनोळखी मुलांपर्यंत पोचली, ही मला या हकिकतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आणि गोष्टीच्या पुस्तकाने उलट वाट धरली : हजारो मुलांच्या मृत्यूवरून ते एका नाजूक मुलीपाशी येऊन थांबले.

ही उणीव भरून काढणारे पुस्तक जपानीत आहे. मासामोतो नासु हे तिथले लोकप्रिय बालसाहित्यिक. ते हिरोशिमाचेच, बाँब पडला तेव्हा तीन वर्षांचे होते. १९८४ मध्ये त्यांनी सदाको आणि तिच्या वर्गमित्रांची हकिकत शोधून लिहिली. ‘कागदी क्रौंचांची मुले’ असे तिचे नाव मराठीत करता येईल. १९९१ मध्ये ती इंग्रजीतही आली. नासु यांना आकड्याच्या युक्तीची गरज भासत नाही. मुलांनी सुरू केलेल्या कामात मोठी माणसे कशी शिरली, त्या कामाचा भार मुलांवर कसा पडला, हेही ते लपवत नाहीत. पुस्तक कोअर यांच्याइतके हृदयंगम नाही. एका बैठकीत वाचून डोळे पुसून मोकळे होता येत नाही. पण ते संपल्यावर वर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो.

लहान मुलांना इतके खरे झेपेल काय, अशी शंका पालकांना येईल. तिचे उत्तर आपल्या घरात बहुधा कपाटातच आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठी घरांतून कित्येक मुलांनी वाचले आहे. त्यात पोलिओ झालेला यासुआकी नावाचा मित्र आहे. तोत्तोचान त्याला मोठ्या खटपटीने झाडावर चढवते. पुढे एक दिवस तो मरण पावतो, आणि सगळी शाळा त्याला निरोप द्यायला जाते. लेखिका तेथे कोणतेही व्रत पुरे करत नाही, कोणताही आकडा जुळवत नाही. त्याने वाचायला दिलेले पुस्तक तिच्याजवळच राहून जाते. मुले हे प्रकरण वाचतात, गप्प होतात, आणि पुढचे पान उलटतात. त्यांना ते झेपते. झेपत नाही ते पुष्कळदा आपल्यालाच.

आपल्या शाळांतून असा प्रसंग आला म्हणजे काय होते, हे आपण जाणतो. प्रार्थनेनंतर दोन मिनिटे स्तब्धता, एक तसबीर, पुढच्या वर्षी त्या मुलाच्या नावाने एखादे पारितोषिक. हे सारे योग्यच आहे, पण ते मोठ्यांनी मोठ्यांच्या समाधानासाठी ठरवलेले असते. मुलांना विचारले तर ती निराळे काही सांगतील. भांडण मिटायचे राहिले होते, वही परत द्यायची होती, भेटायला जायचे राहून गेले, असे काही तरी. त्यांच्या आठवणीला तेथून वाट फुटते, आणि ‘बांबू’ वर्गाची तेथूनच फुटली. त्यांची टोचणी कुणी गोड बोलून बुजवली असती, तर हिरोशिमातल्या त्या बागेत ती मूर्ती उभी राहिली नसती.

म्हणून, दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदिलाचे कागद उरले आणि मुलांनी त्यांचे क्रौंच करायला घेतले, तर त्यांना सदाकोची गोष्ट जरूर सांगावी. फक्त आकडा बदलून सांगावा. तिचे हजार क्रौंच पुरे झाले होते, तरी ती गेली, आणि मग तिच्या सोबत्यांनी आपले काम सुरू केले, असे सांगावे. ऐकताना एखादे मूल विचारील, की मग इतके क्रौंच करून उपयोग काय झाला? त्या प्रश्नाचे तयार उत्तर देण्याची घाई करू नये. सदाकोच्या वर्गालाही ते कुणी दिले नव्हते.