डॅफीतून काय काय काढता येतं?

रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्गात एक नियम कायम कानावर पडतो: एका वेळी एकच व्हेरिएबल बदला, बाकीचे तसेच ठेवा. तो प्रत्यक्ष बघायचा असेल तर चक जोन्सचं 'डक अमक' (1953) बघा. वॉर्नर ब्रदर्सचं जेमतेम सात मिनिटांचं कार्टून, थिएटरात मोठ्या सिनेमाच्या जोडीला दाखवण्यासाठी केलेलं.

डॅफी डक तलवार परजत ऐटीत येतो आणि मागचं चित्रच संपतं. उरतो कोरा पडदा. शेतकरी बनून येतो, तर मागे बर्फ! मग पडद्याबाहेरचा चित्रकार त्याला खोडूनच टाकतो. परत काढतो ते हातात गिटार देऊन, पण आवाज गायब. पुढे रंग भलतेच, धडही भलतंच.

गंमत म्हणजे हे विनोद थेट कार्टून बनवण्याच्या पद्धतीतून आलेत. त्या काळी पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवायचे, मागचं दृश्य वेगळं, आवाजही वेगळा रेकॉर्ड व्हायचा. थर मुळातच सुटे. जोन्स आणि लेखक मायकल मॉल्टीझ त्यातला एकेक थर काढून बघतात, डॅफी उरतो का? उरतो! फुलासारखं डोकं आणि चार पाय असलेला प्राणी झाला तरी त्याची चिडचिड आणि तोरा लगेच ओळखू येतो. म्हणजे पात्र रेषेत कमी आणि प्रतिक्रियेत जास्त असतं.

आता जरा परीक्षकाच्या नजरेनं बघू. शरीर खोडलं तेव्हा आवाज शाबूत होता, आवाज काढला तेव्हा शरीर. दोन्ही एकदम काढून बघितलेलं नाही. शिवाय डॅफी 1937 पासून पडद्यावर होता, प्रेक्षक त्याला ओळखूनच बसलेले. त्यामुळे निष्कर्ष एवढाच काढता येतो की ओळखीचा स्वभाव टिकतो. नव्या पात्राबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.

शेवटी चित्रकार म्हणून बग्ज बनी निघतो. हशा हमखास, पण मला ती पळवाट वाटते. प्रश्न होता 'काय उरतं?', उत्तर मिळालं 'कोणी केलं?' याचं. थीसिसच्या शेवटच्या प्रकरणात हाच घोळ होतो, तेव्हा सांभाळा.

बघताना वहीत दोन रकाने करा: काय काढलं, काय उरलं. मग तेच दोन रकाने स्वतःच्या प्रयोगासाठी भरून बघा.