र. धों. कर्वे : वारसा कोणाचा?

नाशिकच्या द्वारका परिसरातील आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "कर्व्यांचा आणि आपला संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भक्तिभावाने नव्हे, चिकित्सेने दिले पाहिजे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. प्रस्थापित समीक्षेने त्यांना 'एकाकी बुद्धिवादी' ठरवून गौरविले. पण १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात ते एकाकी नव्हते. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तर देणे ही अश्लीलता नव्हे, हा त्यांचा पक्ष होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचाच हा काळ. देऊळ असो वा स्त्रीचे शरीर, दोन्हींवर धर्माच्या नावाने ताबा सांगणारी सत्ता एकच होती.

तरीही कर्व्यांची मर्यादा नमूद केली पाहिजे. त्यांचा वाचक मुख्यतः शिकलेला मध्यमवर्ग होता. शिवाय त्या काळच्या जागतिक संततिनियमन चळवळीत, गरिबांनी व 'निकृष्टांनी' प्रजा वाढवू नये, हा सुप्रजननवादी विचार मिसळलेला होता. तो आपल्याला मान्य होणे शक्य नाही.

या प्रश्नाला कष्टकऱ्यांच्या बाजूने राजकीय रूप दिले ते स्वतंत्र मजूर पक्षाने. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत प्रभाकर रोहम यांनी बाबासाहेबांचे भाषण वाचले. मूल हवे की नको हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावे, ही त्यातली मागणी होती. ठराव फेटाळला गेला.

पुढे शासनाने साधन उचलले, तत्त्व टाकले. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. पण 'टार्गेट'पायी देशभर धरपकड झाली ती बहुतांशी गरिबांची. स्त्रीच्या इच्छेची जागा सरकारी आकड्याने घेतली. याला कर्व्यांचा विजय म्हणणे ही फसवणूक आहे.

म्हणून कर्व्यांचा वारसा आपण १९३८ च्या ठरावाच्या कसोटीवर घासून घ्यावा, असे मला वाटते. वस्तीत शस्त्रक्रियेचे शिबिर लागते तेव्हा किती बायका आल्या हे मोजले जाते. त्यांना माहिती दिली का, नकार देण्याची मुभा होती का, आणि शस्त्रक्रिया पुरुषांनी का करून घेतली नाही, हे कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजे.