रेघेला लागणारा वेळ

एमिल फेरिसच्या 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स' या चित्रकादंबरीतला कुठलाही एक चेहरा जवळून पाहा. गालाखालची सावली शाईचा एक फराटा मारून आलेली नाही. बारीक तिरप्या रेघा, त्यांच्यावर उलट्या तिरप्या, त्यांच्यावर आणखी, अशी ती थराथराने चढत गेली आहे. रेघा साध्या बॉलपेनच्या. पान शाळकरी वहीचं वाटतं, आखीव ओळींसकट. कॉमिक्स म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात तशा नेमक्या चौकटी इथे फारशा नाहीत. चित्रं आणि मजकूर एकमेकांच्या अंगावरून वाहत जातात. १९६८च्या सुमाराचं शिकागो, स्वतःला लांडगामाणूस समजणारी दहा वर्षांची कॅरन आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, नाझी छळातून वाचलेल्या आंका सिल्व्हरबर्गचा गूढ मृत्यू, एवढा ऐवज या वहीत मावला आहे.

फेरिस चाळिशीच्या आसपास असताना डासाच्या चाव्यातून तिला वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं, चित्र काढायचा उजवा हात निकामी झाला. हाताला पेन टेपने बांधून ती नव्याने चित्र काढू लागली, शिकागोच्या कलाशाळेत शिकली आणि कित्येक वर्षं या पुस्तकावर काम करत राहिली. पहिला खंड २०१७ साली आला. २०१८ मध्ये आयझनर पुरस्कार, २०१९ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान. दुसऱ्या खंडाला २०२४ उजाडलं.

या पुस्तकावर जे लिहिलं गेलं, त्यात एक ठरलेली रीत दिसते. आधी आजाराची हकिगत, टेपने बांधलेल्या पेनाची हकिगत. आपल्याकडच्या वर्तमानपत्री मथळ्यात सांगायचं तर 'अपंगत्वावर मात'. मग वेगळ्या परिच्छेदात चित्रांची तारीफ. या परिच्छेदाला त्या परिच्छेदाचा पत्ता नसतो. माझी तक्रार इथेच आहे. ब्रशची लांब रेघ एका दमात ओढावी लागते. मनगट, कोपर, खांदा या तिघांनी एकाच वेळी साथ द्यावी लागते. मध्येच हात थरथरला की रेघ फुकट गेली. बॉलपेनने भरत नेलेल्या सावलीचं तसं नाही. तिथे थोडं काम करून थांबता येतं, दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुढे जाता येतं, आणि एखादी रेघ वाकडी गेली तरी शेजारच्या रेघा तिला सामावून घेतात. फेरिसने ही पद्धत आजारामुळेच निवडली, असा माझा दावा नाही. पण थकणाऱ्या हाताला झेपेल आणि तरीही पानभर श्रीमंती पसरवेल, अशी ही रेघ आहे. शरीर वगळून तिचा विचार करताच येत नाही. अपंग चित्रकारांच्या कॉमिक्सची समीक्षा इथूनच सुरू व्हायला हवी: रेघ कशी ओढली, किती वेळात ओढली आणि त्या वेळाचे पैसे कोणी मोजले.

जॉन कॅलहॅनची रेघ अगदी दुसऱ्या टोकाची. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचा हा व्यंगचित्रकार १९७२ साली, एकविसाव्या वर्षी, मोटार अपघातात सापडला. चारही अवयवांना कायमचा पक्षाघात झाला. पुढे तो दोन्ही हातांच्या मध्ये पेन धरून चित्र काढायचा. रेघ ओबडधोबड, अडखळती. मोजकी पात्रं, जवळपास रिकामी पार्श्वभूमी. त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र वाळवंटातलं आहे. पाठलागावर निघालेले घोडेस्वार एका रिकाम्या चाकाच्या खुर्चीपाशी थांबलेत, आणि म्होरक्या सोबत्यांना धीर देतोय की पायी तो काही फार लांब जाणार नाही. हेच चित्र एखाद्या सफाईदार, तयार हाताने काढलं असतं तर ते क्रूर वाटलं असतं. इथे बोलणारा कोण आहे, हे रेघच सांगते, आणि विनोदाचा हक्क कोणाचा हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. त्याच्यावर चिडून पत्रं लिहिणारे वाचक कमी नव्हते. त्या चिडण्याला कॅलहॅनने भीक घातली नाही, आणि २०१०मध्ये मृत्यू येईपर्यंत आपला सूरही बदलला नाही.

रेघेइतकाच कॉमिक्सचा दुसरा अवयव म्हणजे संवादाचा फुगा. सीसी बेलच्या 'एल डेफो'मध्ये (२०१४) या फुग्याचं जे झालं आहे, ते मला गेल्या दशकातलं या कलेतलं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं. बेल चार वर्षांची असताना मेंदूज्वराने तिची श्रवणशक्ती गेली. सत्तरच्या दशकातल्या शाळेत ती छातीवर बांधायचं एक अवजड श्रवणयंत्र घालून जायची. बाईंच्या गळ्यात माइक असायचा, त्यामुळे वर्गाबाहेर गेलेल्या बाईंचं बोलणंही तिला ऐकू यायचं. पुस्तकातली सगळी माणसं सशांच्या रूपात आहेत, लांबलचक कानांची. यंत्राची बॅटरी उतरू लागते तशी फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात, आणि शेवटी फुगा कोरा राहतो. दुसरीकडे शब्द ऐकू येतात पण उमगत नाहीत, तेव्हा फुग्यात निरर्थक अक्षरांचा चिवडा असतो. वाचणारं मूल तिथे अडतं, मागे जातं, तोंडांकडे पाहून अंदाज बांधू लागतं; बेल शाळेत तेच करत होती. २०१५मध्ये या पुस्तकाला न्यूबेरी सन्मान मिळाला.

आता आपल्या दिवाळी अंकांतला बहिरा आजोबा आठवा. सून एक विचारते, आजोबा भलतंच उत्तर देतात, आणि हसू येतं ते आजोबांच्या उत्तराचं. आजोबांच्या कानात नेमकं काय पोहोचलं, तो फुगा कोणी काढलेला नसतो. मराठी हास्यचित्रकला ही मी मनापासून प्रेम केलेली कला आहे. शि. द. फडणिसांची शब्दाविना बोलणारी चित्रं ऐकू न येणाऱ्या वाचकालाही तितकीच खुली आहेत, ही तिची मोठी जमेची बाजू. पण आजोबा मात्र बाहेरूनच पाहिले गेले, हे मान्य करायला हवं.

कॅनडाच्या जॉर्जिया वेबरने 'डम'मध्ये आवाजाचा प्रश्न घेतला आहे. घशाच्या दुखापतीमुळे बोलणंच वेदनेचं झालं, तेव्हा तिने आधी छोट्या पुस्तिका स्वतः छापून विकल्या. त्यांचं एकत्रित पुस्तक २०१८ साली आलं. काळ्या रेघांमध्ये लाल रंग घुसतो, आवाज आणि वेदना तो सोबतच वाहून आणतो. काही पानं कच्ची वाटतात, उपाहारगृहातल्या नोकरीचे प्रसंग लांबतात. तरी लाल रंगाचा वापर इतका चोख आहे की त्या कच्चेपणाकडे मी सहज दुर्लक्ष करतो.

या कामांशेजारी डेव्हिड बी. या फ्रेंच चित्रकाराचं, १९९६ ते २००३ या काळात सहा खंडांत आलेलं आत्मकथन ठेवून पाहावं. विषय थोरल्या भावाचा अपस्मार. आजार सापासारख्या अजस्र श्वापदाच्या रूपात घरभर वेटोळी घालतो. काळ्या शाईचं असं काम फार थोड्यांना जमलं आहे. थोर पुस्तक, यात शंका नाही. पण पेन निरोगी धाकट्या भावाच्या हातात आहे, आणि आजारी भाऊ खंडामागून खंड न्याहाळला जातो, स्वतः बोलत नाही. फेरिस, कॅलहॅन, बेल वाचून झाल्यावर ही उणीव अधिकच टोचते.

स्वतंत्र कॉमिक्सच्या जगात एक श्रद्धा आहे: कथा, चित्र, अक्षरं, रंग सगळं एकाच हाताचं असावं. त्यातून अस्सलपणा येतो असं मानलं जातं. ही श्रद्धा अपंग चित्रकारावर फार भारी पडते. जपानमध्ये ती नाही, आणि म्हणून शिगेरू मिझुकीचं उदाहरण मोलाचं. दुसऱ्या महायुद्धात रबाऊलच्या आघाडीवर बॉम्बहल्ल्यात त्याचा डावा हात गेला. युद्धानंतर त्याने एका हाताने भाड्याच्या वाचनालयांसाठी कॉमिक्स काढली, वर्षानुवर्षं हलाखीत. साठच्या दशकात यश आलं, कितारो हे भूतपोर घराघरांत पोहोचलं, आणि मिझुकीने सहायक ठेवले. त्यांत योशिहारू त्सुगेसारखा पुढे स्वतः मोठा झालेला चित्रकारही होता. मिझुकीच्या पानांवर ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं घनदाट जंगल आणि त्यात साध्या रेघेची बावळट माणसं, असा जो विलक्षण मेळ दिसतो, तो अनेक हातांचा आहे. १९७३मध्ये त्याने युद्धावरची कादंबरी केली, तिच्यात या मेळाचा परिणाम अंगावर येतो. त्याच्या थोरवीला सहायकांमुळे उणेपण आलं, असं जपानी वाचकाच्या मनातही येत नाही. मग मदतनीस ठेवणाऱ्या अपंग चित्रकाराकडेच 'यातलं तुमचं किती?' अशा नजरेनं का पाहायचं?

मदतनिसाला पैसे लागतात, आणि इथे सगळा मामला अडतो. कॉमिक्सचं एक पान म्हणजे कित्येक तासांची बैठक. धडधाकट चित्रकारांचीही मनगटं आणि पाठी या धंद्यात जातात. मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या मालिकांनी तर दर आठवड्याला डझनावारी रंगीत चौकटींची सवय लावली आहे. ज्याला आठवड्यातून तीन दिवस अंथरुणातून उठणं जमत नाही, त्याने या शर्यतीत उतरायचं कसं? जत्रा आणि महोत्सवांत टेबल लावून पुस्तिका विकणं हा स्वतंत्र चित्रकाराचा दुसरा आधार. तिथे दिवसभर बसणं, गर्दी, गोंगाट आणि दूरचं स्वच्छतागृह हे सगळं आलं. इंटरनेटवरून वाचकांकडून थेट वर्गणी घ्यायची सोय झाली, तेव्हा अनेकांना हायसं वाटलं. पण अमेरिकेत अपंगांना मिळणाऱ्या पूरक साहाय्याची अट अशी की एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये, आणि हा आकडा १९८९पासून बदललेला नाही. म्हणजे पुस्तकाच्या छपाईसाठी वाचकांनी दिलेले पैसे खात्यात जमले, की औषधपाण्याचा आधार धोक्यात. पुस्तक न काढणं हाच अशा वेळी शहाणपणा ठरतो. जी कॉमिक्स आपल्या हाती येतात, त्यांच्यामागे अशी न आलेली किती असतील, याचा हिशेब समीक्षेत कुठेच धरला जात नाही.

वाचकाची बाजूही आहे. फिलिप मेयर या जर्मन संरचनाकाराने २०१३मध्ये 'लाइफ' नावाचं स्पर्शाने वाचायचं कॉमिक्स केलं. चौकटी उठावाच्या, पात्रं म्हणजे गोल. एक गोल येतो, दुसरा भेटतो, त्यातून तिसरा लहान गोल होतो. एका अंध वाचकाबरोबर बसून त्याने ते पारखून घेतलं. प्रयोग म्हणून सुंदर आहे, पण गोष्ट अगदीच प्राथमिक राहते. तो सुरुवातीचा टप्पा होता, आणि पुढचं काम अंध कलावंतांनीच करावं असं मला वाटतं. मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८पासून निघतं, म्हणजे बोटांनी वाचणारा मराठी वाचक आहे. त्याच्यासाठी केलेली चित्रकथा मात्र माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे दृष्टी किंवा हात गेल्यावरही काम थांबलं नाही, अशी मोठी उदाहरणं आहेत. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७च्या सुमारास पूर्ण गेली. पुढे त्यांनी कागद कापून चिकटवण्याची चित्रं केली आणि शांतिनिकेतनात चिनी मातीच्या फरश्यांचं भित्तिचित्र केलं. आर. के. लक्ष्मण यांची डावी बाजू २००३मध्ये पक्षाघाताने गेली, तरी पुण्यात त्यांचं चित्र काढणं सुरू राहिलं. पण ही दोघंही आधीच नावारूपाला आलेली माणसं होती. लहानपणापासून अपंग असलेल्या, कलाशाळेच्या पायऱ्यांवरूनच परत फिरलेल्या मुलाला ती वाट उपलब्ध नव्हती. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात कलम २९ आहे. अपंग कलावंतांना आणि लेखकांना सोयी, साहाय्य आणि प्रायोजन द्यावं, असं ते सरकारला सांगतं. कॉमिक्स काढणाऱ्या कोणाला त्या कलमाचा आधार मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मराठीचं दुखणं आणखी निराळं आहे. आत्मकथन ही आपल्या गद्याची सर्वांत ताकदवान परंपरा. दलित आत्मकथनांनी ती घडवली, आणि कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' त्याच परंपरेतलं. दुसरीकडे हास्यचित्रांची समृद्ध परंपरा, आणि वेताळ, अमर चित्रकथा वाचत वाढलेल्या पिढ्या. या दोन्हींची गाठ पडलेली नाही. स्वतःचं आयुष्य चौकटीचौकटीने सांगणारं मराठी पुस्तक अपवादानेच सापडतं. अपंग माणसाने सांगितलेलं तर दूरच. तंत्र अवघड आहे असंही नाही. दिल्लीच्या शरद शर्मांची 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' गावोगावच्या लोकांना चार चौकटींचं भित्तिपत्रक करायला शिकवते: साधे कागद, काळं पेन, मग झेरॉक्स. चार चौकटी अंथरुणात पडूनही होतात, आठवडाभर पुरवून पुरवूनही होतात.

अडतं ते मागणीपाशी. दिवाळी अंकांचे संपादक चित्रकाराला पावसाळ्यात फोन करतात, पंधरा दिवसांत चित्रं मागतात, आणि मानधन अंक विकल्यावर. या वेळापत्रकात धडधाकट माणूसच टिकतो. जानेवारीत विषय ठरवून, निम्मं मानधन आगाऊ देऊन, मदतनिसाचा खर्च वेगळा धरून, अपंग चित्रकाराकडे आठ पानांचं आत्मकथनपर कॉमिक्स मागणारा एक तरी दिवाळी अंक मला पाहायचा आहे. पानं ऑगस्टपर्यंत आली नाहीत, तर ती पुढच्या वर्षी छापायची तयारीही त्या संपादकाने ठेवावी.