काळ आणि काळोख : एका मलय विडंबनपटाच्या निमित्ताने

विडंबन ही परोपजीवी कला आहे, असा एक समज आपल्या समीक्षेत रूढ आहे. मूळ कृती रसिकाच्या कानात घुमत असेल तरच तिचे विडंबन त्याला हसवू शकते. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी ज्या काव्यरीतीची थट्टा केली होती ती तत्कालीन वाचकांच्या चांगल्या परिचयाची होती. परंतु मूळ कृती विस्मृतीत गेली, किंवा तिची प्रतच नष्ट झाली, तर विडंबनाचे काय होते? मलेशियाचे दिग्दर्शक मामत खालिद यांनी २००८ साली प्रदर्शित केलेल्या ‘काला मालाम बुलान मेंगाम्बांग’ या कृष्णधवल विनोदी चित्रपटाकडे या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले, तर तो निव्वळ गंमत राहत नाही.

नावापासूनच प्रारंभ करता येईल. ‘मालाम’ म्हणजे रात्र, ‘बुलान’ म्हणजे चंद्र. पूर्णचंद्र वर तरंगत येतो त्या रात्रीच्या वेळी, असा या नावाचा आशय. यातील ‘काला’ हा शब्द मलय भाषेने संस्कृतातून घेतलेला ‘काल’ होय. संस्कृतात या शब्दाला समय आणि कृष्णवर्ण असे दोन्ही अर्थ आहेत. मलय शब्दाने त्यातला समयाचाच अर्थ येथे जपला आहे. चित्रपटाचा विषय मात्र दोन्ही अर्थांना स्पर्श करतो. त्यात एक गेलेला काळ आहे आणि एक उसना काळोख आहे.

हा उसना काळोख अमेरिकन आहे. १९४०च्या दशकातील हॉलिवुडच्या गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६मध्ये ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) किंवा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) यांसारख्या चित्रपटांत महानगर असते, खिडकीच्या पट्ट्यांतून झिरपणारा प्रकाश असतो, थकलेला आणि कशावरही विश्वास न उरलेला पुरुष असतो, त्याला विनाशाकडे ओढणारी स्त्री असते. तेथील अंधार माणसाच्या लोभातून निर्माण होतो. म्हणून त्याचा उलगडाही शेवटी माणसातच सापडतो.

मामत खालिद हा अंधार महानगरातून उचलून १९५६च्या मलायातील एका खेड्यात, ‘कांपुंग’मध्ये, नेऊन ठेवतात. रोस्याम नोर यांनी रंगवलेला सालेह हा वार्ताहर वाटेत मोटार अडल्यामुळे तेथे मुक्कामाला राहतो आणि गावातल्या गूढात गुंतत जातो. विनोदाचे मूळ या स्थलांतरात आहे. खेड्यातली रात्र चंद्राच्या प्रकाशाची असते आणि तिथल्या अंधारावर पहिला हक्क भुताखेतांचा असतो. शहरी शोधकाची चिकित्सा आणि गावाची श्रद्धा समोरासमोर आल्या की दोघींचाही आब जातो. दिग्दर्शक मात्र कोणा एकीचा पक्ष घेत नाही. मामत खालिद हे ‘कांपुंग बॉय’कार व्यंगचित्रकार लाट यांचे धाकटे बंधू. गावाकडे हसत पाहायचे, पण त्याला हिणवायचे नाही, ही दृष्टी दोघा भावांत समान आहे.

तथापि, या चित्रपटाचे खरे लक्ष्य हॉलिवुड नाही. पात्रांची घोटीव, किंचित नाटकी भाषा, त्यांचे उभे राहणे, कृष्णधवल पडदा, हे सारे १९५० आणि ६०च्या दशकांतील मलय बोलपटांकडे बोट दाखवते. न्वार हा मुखवटा आहे; आतला चेहरा सिंगापूरच्या जालान अंपास येथील शॉ बंधूंच्या स्टुडिओचा आहे. त्या काळाला आज मलय चित्रपटाचे सुवर्णयुग म्हणतात आणि पी. रामली (१९२९–१९७३) यांचे नाव त्याचे प्रतीक म्हणून घेतले जाते.

हे युग एकट्या कोणाच्या हातून घडलेले नव्हते. भांडवल चिनी व्यावसायिकांचे, अभिनय बहुतांशी मलय कलावंतांचा, आणि प्रारंभीचे दिग्दर्शक बव्हंशी भारतातून गेलेले. बी. एस. राजहंस हे त्यांतील अग्रणी. एल. कृष्णन यांच्या ‘बक्ती’ (१९५०) या चित्रपटाने रामलींना प्रथम नायक केले. कलकत्त्यात ‘स्ट्रीट सिंगर’ (१९३८) करणाऱ्या फणी मजुमदारांनी १९५६ साली ‘हांग तुआ’ हा मलय वीरकथेवरचा चित्रपट केला. बी. एन. राव यांनी प्रतिस्पर्धी कॅथे-क्रिस संस्थेसाठी १९५७मध्ये ‘पोन्तियानाक’ हा भयपट करून मलय पडद्यावर भूतकथेची परंपरा रुजवली. त्या ‘पोन्तियानाक’ची प्रत आज उपलब्ध नाही.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. मूळ हरवले की विडंबन त्याच्या स्मृतीचे राखणदार होते. चंद्रोदयाची रात्र, गावाचे भय, भेदरलेला पाहुणा हे संकेत ज्या परंपरेत घडले तिचा आरंभीचाच चित्रपट पाहायला मिळत नाही. त्या संकेतांवर हसणारा चित्रपट मात्र समोर आहे. हसता हसता तरुण प्रेक्षक एका अदृश्य परंपरेचे व्याकरण शिकतो. १९५६ हे वर्षही सहज आलेले वाटत नाही. मलायात १९४८पासून आणीबाणी चालू होती आणि स्वातंत्र्य ३१ ऑगस्ट १९५७ रोजी यायचे होते. राष्ट्राच्या जन्मकथा गंभीर स्वरातच सांगायच्या असतात, असा सर्वत्र संकेत असतो. त्या जन्माच्या आदल्या वर्षाची कथा संमिश्र, उसन्या, थट्टेखोर शैलीत सांगणे म्हणजे शुद्ध उगमाच्या कल्पनेलाच हळूच चिमटा काढणे होय.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. रहस्य, भूत, प्रहसन यांची गर्दी झाल्यामुळे उत्तरार्धात ताण सैलावतो; आणि न्वारमधील स्त्रीच्या साच्याची थट्टा होते, पण त्या साच्यातून स्त्रीची सुटका होत नाही. विडंबनाने साचा नुसता दाखवला आणि मोडला नाही, तर ते अनुकरणाच्या वाटेने जाऊ लागते.

मामत खालिद २०२१ साली निवर्तले. त्यांच्या या कृतीकडे भारतीय अभ्यासकाने परदेशी नवल म्हणून पाहू नये. राजहंस, कृष्णन, मजुमदार, राव यांचे मलय चित्रपट आपण आपल्या चित्रपटेतिहासात क्वचितच मोजतो. तिकडे ते परके आणि इकडे ते अनुपस्थित, अशी त्यांची अवस्था आहे. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) हाही आपल्याला जतन करता आला नाही. मूळ प्रती जपण्याचे काम अभिलेखागारांचे आहे आणि विडंबन ते करू शकत नाही. पण काय हरवले आहे, याची जाणीव ते जागी ठेवू शकते. विडंबनाला परोपजीवी म्हणताना एवढे ऋण तरी आपण त्याच्या नावे मांडले पाहिजे.